ज्याचा विषय, तो बाहेर

माझ्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून मुरबाडला एका शेटकडे सेक्रेटरी आहे," आणि लगेच घाईघाईने पुढे जोडायच्या, "पण तसली नव्हे हो." तसली म्हणजे कसली, हे शहापुरात कुणी कधी विचारलं नाही. त्यामुळे माझ्याबद्दलचा संशयही कधी पुरता फिटला नाही.

मी कंपनी सेक्रेटरी होते. पत्रं टाइप करणं, फोन घेणं, शेटना चहा विचारणं यातलं काही मी करत नसे. एखादी कंपनी शेअर विकून लोकांकडून भांडवल घेते, तेव्हा त्या लोकांच्या वतीने काही गोष्टी रीतसर व्हाव्या लागतात. सभा बोलावणं, काय ठरलं ते लिहून ठेवणं, सरकारला आणि शेअर बाजाराला कळवणं. हे करणारं माणूस म्हणजे कंपनी सेक्रेटरी. ठरावीक भांडवलापुढच्या कंपनीला ते कायद्याने ठेवावंच लागतं. आमच्या शेटनी मला, आग विझवायच्या वाळूच्या बादल्या ठेवतात, तसं ठेवलं होतं. तपासणीला कुणी आलं की दाखवायचं, एरवी वाटेत येऊ द्यायचं नाही.

मी या परीक्षा घरी बसून, पोस्टाने अभ्यास करून दिल्या होत्या. कसाऱ्यापासून मुरबाडपर्यंत कंपनी सेक्रेटरीची जागा माझ्या माहितीत एकच होती आणि त्या जागेवर मी होते. मुंबईत जागा पुष्कळ होत्या. पण सासऱ्यांना अर्धांगवायू झालेला. सासूबाईंना एकटीने त्यांची कूस बदलता येत नसे. यजमान उंबरमाळीच्या पलीकडे आश्रमशाळेत शिक्षक, ते शनिवारीच घरी यायचे. सकाळी किन्हवलीमार्गे एसटीने जाऊन दिवेलागणीला परत येता येईल अशीच नोकरी मला हवी होती, आणि ती ही होती. ही गेली तर दुसरी नव्हती. हे मला माहीत होतं आणि शेटनाही.

आमची कंपनी प्लास्टिकच्या बादल्या आणि अंघोळीचे मग बनवायची. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत शेअर काढायची साथच होती, ती आमच्या शेटनाही लागली. मुलुंड-घाटकोपरच्या ओळखीच्या लोकांनी शेअर घेतले. शिवाय मुरबाड-सरळगाव रस्त्यावर कारखान्यासाठी ज्या गावाच्या जमिनी घेतल्या, त्या गावातल्या घराघरालाही थोडेथोडे शेअर दिले गेले. गावाने ते कागद नीट घडी करून देव्हाऱ्यामागे ठेवले. त्यामुळे भारतातल्या भांडवल बाजारात भाताची शेती करणाऱ्यांचा एक छोटा पण जागरूक गट तयार झाला.

जागरूक म्हणण्याचं कारण वार्षिक सभा. शेअर असलेल्या प्रत्येकाला वर्षातून एकदा सभेला बोलवावं लागतं, हिशेब दाखवावा लागतो, त्यांचं मत घ्यावं लागतं. ही सभा आमच्या पॅकिंग शेडमध्ये व्हायची आणि सभेला येणाऱ्या प्रत्येकाला एक वडापाव आणि एक बादली मिळायची. दरवर्षी बादलीचा रंग वेगळा. गावात अजूनही "तिचं लगीन हिरव्या बालदीच्या साली झालं" अशी कालगणना चालते. शेट एकेक ठराव वाचायचे, हात वर व्हायचे, शेट म्हणायचे, "सर्वानुमते मंजूर." चहाला उकळी यायच्या आत कंपनीचं वर्षाचं कामकाज संपायचं.

गिरगावचे एक गृहस्थ तेवढे दरवर्षी कल्याणहून एसटी पकडून यायचे आणि उभे राहून शेटच्या गाडीच्या डिझेलचा खर्च विचारायचे. एका वर्षी शेटनी त्यांना दोन बादल्या द्यायला सांगितलं. पुढच्या वर्षीपासून ते यायचे, बसायचे आणि हात वर करून जायचे. भागधारकांचं समाधान करणं इतकं सोपं असतं हे मला कुठल्याच अभ्यासक्रमात शिकवलेलं नव्हतं.

मग कुठेतरी लांब, मोठमोठ्या कंपन्यांत घोटाळे झाले आणि लहान कंपन्यांना त्याची शिक्षा म्हणून स्वतंत्र संचालक नेमावे लागले. संचालक म्हणजे कंपनीचे निर्णय घेणारी माणसं. आमच्याकडे शेट अध्यक्ष, त्यांचे धाकटे भाऊ संचालक, आणि नियमापुरती इतर घरची माणसं. नवा नियम असा, की आमच्यासारख्या कंपनीत निम्मे संचालक असे हवेत ज्यांचं मालकाशी ना नातं, ना पैशाचा संबंध. मी हे शेटना समजावून सांगितलं.

शेट म्हणाले, "बाई, ज्याचा माझ्याशी काही संबंध नाही, तो माझ्या कंपनीत येईल कशाला?"

हा प्रश्न मला तेव्हा रास्त वाटला. अजूनही वाटतो.

शेवटी घरची माणसं कमी करून मंडळ चौघांचं झालं. शेट, धाकटे शेट आणि दोन स्वतंत्र. पहिले साठेसाहेब, कल्याणचे निवृत्त बँक अधिकारी. सभेच्या सुरुवातीला ते सगळ्यांना नमस्कार करायचे आणि मग हनुवटी छातीला टेकवून शेवटच्या नमस्काराची वाट बघायचे. दुसरे हरीभाऊ. कारखान्याच्या कुंपणाला लागून जे गाव, तिथे त्यांची भाताची गिरणी होती. गावकीत, म्हणजे गावाच्या बैठकीत, त्यांच्या शब्दाला मान होता. शेटचा हिशेब सरळ होता. स्थानिक माणूस खूश राहील, गाव सांडपाण्यावरून कटकट करणार नाही, आणि सभेत मान डोलावेल.

पहिल्याच सभेत हरीभाऊ उठून गेले. विषय साधा होता. फाट्यापासून कारखान्यापर्यंतचा रस्ता कंपनीने डांबरी करावा की नाही. मला वाटलं, पोटात काही गडबड असेल. बराच वेळ झाला तरी येईनात, म्हणून बघायला गेले तर फाटकाजवळच्या बाकड्यावर, आमच्याकडे पाठ करून, शांत बसलेले. कामाला लावा म्हणून येणारी माणसं ज्या बाकड्यावर थांबतात ते हे बाकडं.

"हरीभाऊ, आत मीटिंग चालू आहे. तुम्ही इथे का?"

"रस्ता माज्या गिरनीवरनं जातो ना, बाय. माजा विषय हाय. ज्याचा विषय, तो भायेर. आमच्या गावकीची रीत हाय."

मग त्यांनी रीत सांगितली. गावकी देवळात बसते. ज्याच्या जमिनीचा, भांडणाचा, सोयरिकीचा विषय असेल, त्याने स्वतः उठून बाहेर पायरीवर बसायचं, देवळाकडे पाठ करून. कितीही मोठा असो. निकाल त्याच्या बाजूने लागला तर दारातून कुणीही हाक मारतं, "ये रे." विरुद्ध लागला तर हाक मारत नाहीत. जाणतं माणूस स्वतः उठून बाहेर जातं, त्याच्या शेजारी थोडा वेळ बसतं, काही बोलत नाही, आणि मग दोघं बरोबर आत येतात.

"काही बोलत नाही? मग त्याला कळतं कसं?"

"शेजारी बसला म्हंजे कळलाच ना. पन मंग त्याला एकट्याला आत यावा लागत नाय."

रस्ता मंजूर झाला. मी दारातून हाक मारली, "हरीभाऊ, या." ते समाधानाने आत आले. साठेसाहेबांनी डोळे न उघडता अभिनंदन केलं.

खरं तर कायद्यात जवळजवळ असंच कलम होतं. ज्या संचालकाचा त्या विषयात स्वतःचा फायदा असेल, त्याने चर्चेत भाग घ्यायचा नाही आणि मत द्यायचं नाही. आमच्या इतिवृत्तात हे वाक्य दर सभेला असायचं: "हितसंबंध असलेल्या संचालकांनी चर्चेत भाग घेतला नाही." शेट स्वतःच्या विषयातही अध्यक्षाच्या खुर्चीतच बसलेले असायचे. पण चर्चा म्हणून काही होतच नसल्यामुळे ते वाक्य तसं खोटंही नव्हतं.

आता दाण्याची गोष्ट. प्लास्टिकची बादली ज्यापासून बनते त्या कच्च्या मालाला कारखान्यात दाणा म्हणतात, साबुदाण्यासारखा दिसतो तो. आमची कंपनी हा दाणा बाजारातून घेत नसे. शेट आणि धाकटे शेट यांची एक खासगी कंपनी होती, ती बाजारातून घ्यायची आणि आम्हाला चढ्या भावाने विकायची. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर, शेट डाव्या खिशातून काढून उजव्या खिशात टाकत होते. फक्त डावा खिसा सगळ्या भागधारकांचा होता आणि उजवा या दोघा भावांचा. म्हणून आमच्या कंपनीला नफा कधी दिसायचा नाही आणि लोकांना लाभांशाऐवजी बादली मिळायची. यात लपवाछपवी काही नव्हती. अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात सगळं छापलेलं असायचं. मीच छापून घ्यायची.

तो दाण्याचा करार आणखी काही वर्षांसाठी वाढवायचा विषय एका सभेत आला. शेटनी ठराव वाचला आणि पुढच्या विषयाकडे वळायला पान उलटलं.

"शेट," हरीभाऊ म्हणाले, "ती दान्याची कंपनी कोनाची?"

"आपलीच."

"आपली म्हंजे हितल्या सगल्यांची, का तुमची?"

"माझी आणि धाकट्याची."

"मंग तुमचा विषय हाय. तुमी दोगं भायेर बसा."

हरीभाऊंच्या आवाजात काही नव्हतं. गिरणीवर आलेल्या माणसाला पोतं तिकडे ठेव म्हणून सांगावं, तसे ते बोलले. धाकटे शेट हसले. शेटही हसले आणि माझ्याकडे वळले. "बाई, सांगा यांना. कायद्यात आहे का असं, बाहेर बसा म्हणून?"

त्या एका उत्तरावर माझी नोकरी होती. शेटनी प्रश्न "नाही" ऐकायला विचारला होता, आणि गंमत अशी की "नाही" हे खरं उत्तर होतं. बाहेर बसा असं तेव्हाच्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. तेवढं बोलून गप्प राहिले असते तर कुणी मला खोटारडी म्हटलं नसतं, आणि सासऱ्यांची कूस बदलायला मी रोज दिवेलागणीला घरी पोचले असते.

मी म्हणाले, "बाहेर बसा असं नाही, शेट. पण तुम्ही दोघांनी बोलायचं नाही, मत द्यायचं नाही, आणि कोरममध्ये, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीत, तुम्हाला धरायचं नाही. हे दोघे उरतात, तेवढ्यांनी सभा चालते. निर्णय त्यांचा."

"म्हणजे मी इथे नुसता बसून राहू?"

"त्याच म्हनतो मी," हरीभाऊ म्हणाले.

यात शौर्य वगैरे काही नव्हतं. ज्या विषयात मी रात्रंदिवस घोकून पास झाले होते, त्यातला प्रश्न इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला कुणीतरी विचारला होता. उत्तर तोंडातून निघून गेलं. भीती नंतर वाटली, आणि भरपूर वाटली.

शेट उठले. अपमान झाल्यावर माणूस ज्या हळुवारपणे खुर्ची मागे सरकवतो, तशी त्यांनी सरकवली. दोघे भाऊ बाहेर गेले. खिडकीतून मला दिसत होतं, धाकटे शेट सिगारेट पेटवून फेऱ्या मारत होते आणि शेट त्या बाकड्यावर बसले होते. कामगार भरतीच्या बाकड्यावर, पांढऱ्या सफारीत. चौकीदार बिचारा उभं राहावं की सलाम करावा की पाणी आणावं, या विवंचनेत तिन्ही करत होता.

आत हरीभाऊंनी विचारलं, "ह्यो दाना दुसरीकडं काय भावानं मिलतो?"

मला माहीत नव्हतं. म्हटलं, दोनतीन ठिकाणची कोटेशनं मागवता येतील. 'कोटेशन' शब्दाबरोबर साठेसाहेबांनी डोळे उघडले. आयुष्यभर बँकेत कर्जाच्या फायली बघितलेला माणूस, त्या शब्दाने त्यांच्यातला अधिकारी जागा झाला. "तीन कोटेशन्स! सीलबंद! त्याशिवाय करार वाढवणं अयोग्य!" असं त्यांनी टेबलावर हात आपटून सांगितलं. ठरलं. करार वाढवायचा नाही, भाव मागवायचे.

मी हाक मारायला दाराशी निघाले, तर हरीभाऊंनी मला हातानेच थांबवलं. ते स्वतः गेले. बाकड्यावर शेटच्या शेजारी बसले. तंबाखूची पिशवी काढली, पुढे केली. शेटनी घेतली नाही. दोघे समोरच्या रस्त्याकडे बघत बसले. तोच तो डांबरी रस्ता. थोड्या वेळाने दोघे बरोबर आत आले, शेट खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पुढचा विषय."

दाणा बाजारातून येऊ लागला आणि त्या वर्षी कंपनीला पहिल्यांदाच नजरेत भरेल असा नफा झाला. आम्ही लाभांश जाहीर केला. आता लाभांश द्यायचा तर बादली कशाला, म्हणून शेटनी बादली बंद केली. गावात हाहाकार उडाला. वार्षिक सभेला लोक आले, त्यांच्या हातात बँकेत भरायचा एकेक कागद पडला. तो वटवायला मुरबाडला जायचं तर एसटीच्या भाड्यातच त्यातला बराच भाग जायचा. बायका हरीभाऊंच्या गिरणीवर चालून गेल्या. "आमची बालदी खाल्लीस तू!" असं त्यांना तोंडावर सुनावण्यात आलं. हरीभाऊंनी मला निरोप पाठवला, "बाय, एक साल कागुद द्या, एक साल बालदी द्या. गावात र्‍हायचाय मला." कंपनीचा कारभार सुधारल्याबद्दल त्यांना मिळालेली ही एकमेव पावती.

पुढे पुष्कळ वर्षांनी कंपन्यांचा कायदाच नवा झाला. त्याच्या नियमांत चक्क लिहून आलं की ज्या संचालकाचा अशा व्यवहारात हितसंबंध असेल, त्याने त्या विषयाच्या चर्चेच्या वेळी सभेत हजर राहू नये. म्हणजे बाहेर बसावं. मी मुद्दाम वाट वाकडी करून गिरणीवर गेले आणि हरीभाऊंना ते वाचून दाखवलं. ते थकले होते, गिरणी मुलगा बघत होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आन हरल्यावर त्याच्या शेजारी कोनी बसायचा, त्या लिवलाय?"

"ते नाही लिहिलेलं."

"मंग अर्दाच कायदा केलाय," ते म्हणाले आणि मुलाला चहा सांगितला.

पण हे फार नंतरचं. लाभांश दिला त्याच्या पुढच्या वर्षी एक दिवस शेटनी मला केबिनमध्ये बोलावून संचालकांच्या सभेचे विषय सांगितले. शेवटचा विषय होता, कंपनी सेक्रेटरीच्या पदावर नवीन नेमणूक करणे. त्यांनी तो इतर विषयांच्याच आवाजात सांगितला आणि मी इतर विषयांच्याच अक्षरात लिहून घेतला. सूचना वेळेवर पाठवणं हे माझं काम होतं, तेव्हा ती मीच टाइप केली आणि मीच पाठवली. घरी कुणाला सांगितलं नाही. त्या रात्री सासऱ्यांची कूस बदलताना त्यांनी माझा हात धरून ठेवला, तो नेहमीच धरायचे, पण मला फार वाईट वाटलं.

सभेत बाकीचे विषय झाले. मी इतिवृत्ताची वही पुढे ओढली. शेटनी चष्मा काढला.

"बाई, आता तुमचा विषय आहे. तुम्ही बाहेर बसा."

हितसंबंधांचं कलम संचालकांना लागू होतं, सेक्रेटरीला नाही. मला ते पाठ होतं. पण हरीभाऊ समोर बसले होते, आणि ज्या रीतीने आम्ही शेटना उठवलं, तिच्यातून मीच सूट मागणं मला जमेना. मी पेन वहीवर ठेवलं आणि बाहेर गेले.

बाकडं उन्हात तापलं होतं. चौकीदार म्हणाला, "म्याडम, तुमी हितं?" मी म्हटलं, "माझा विषय आहे." त्याला हे पुरेसं वाटलं असावं, त्याने पाणी आणून दिलं. मी इमारतीकडे पाठ करून बसले. शिफ्ट सुटलेल्या बायका डबे सांभाळत फाटकातून जात होत्या. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. मुंबईची नोकरी घेतली तर पहाटे निघायचं आणि रात्री यायचं, मग सासऱ्यांना उठवणार कोण? चौघांत दोन विरुद्ध दोन अशी मतं पडली तर अध्यक्षाला जादा मत असतं हेही मला माहीत होतं. तरी कान दाराकडे लागले होते. साठेसाहेबांनी मारली तरी चालेल, धाकट्या शेटनी मारली तरी चालेल, कुणीतरी दारातून हाक मारावी.

आत कोण काय बोललं, ते मला आजतागायत माहीत नाही. ते इतिवृत्त मी लिहिलेलं नाही.

दार वाजलं. हाक आली नाही. खडीवरून कुणाच्या तरी वहाणा कुरकुरत येत होत्या, सावकाश. हरीभाऊ आले, माझ्या शेजारी बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आम्ही दोघे रस्त्याकडे बघत बसलो. मला रडू आलं ते त्यांनी बघितलं नाही, म्हणजे बघून न बघितल्यासारखं केलं.

थोड्या वेळाने त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि ते उठले. मीही उठले. वही, पेन आणि डबा आतच राहिला होता, तो आणायला जायचंच होतं. मला एकटीला आत जावं लागलं नाही.